जुन्या मारुती ८०० ला टॅकोमीटर बसवताना

“बाबा, गियर बदला, गाडी ओरडते आहे,” असे माझी मुलगी शेजारच्या सीटवरून मला दोन वर्षे सांगत होती. दर वेळी मला तिचे वाक्य ऐकू येई, गाडीचे ओरडणे मात्र येत नसे. ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये मी एकतीस वर्षे काम केले. पत्र्यावर डाय आदळण्याचा तो आवाज दिवसातून हजारो वेळा कानावर पडत असे, आणि कानात बोळे घालायला आमच्या पिढीतल्या कामगारांना संकोच वाटे. निवृत्तीनंतर तपासणी केली तेव्हा डॉक्टरांनी काढलेल्या आलेखात ४,००० हर्ट्झच्या आसपास खोल खड्डा दिसला. गोंगाटाने गेलेल्या श्रवणशक्तीची ही ठरलेली खूण असते, असे त्यांनी सांगितले. त्यात वयाची भर पडल्यामुळे बाकीचा आलेखही खाली उतरलेला होता. श्रवणयंत्रे घेतली आणि घरातली माणसे पुन्हा बोलू लागली. परंतु या यंत्रांची रचनाच अशी असते, की माणसाचे बोलणे ती उचलून धरतात आणि पंखा, एसी, इंजिन यांसारखी एकसुरी घरघर गोंगाट समजून दाबून टाकतात. त्यामुळे मुलीचा आवाज मला परत मिळाला त्याच आठवड्यात गाडीचा आवाज जवळजवळ पूर्णपणे गेला.

आमची गाडी १९९२ सालची मारुती ८०० आहे. वडिलांनी ती नवीन घेतली, तिच्यावरच मी गाडी चालवायला शिकलो, आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओमध्ये नेऊन तिची नोंदणी आम्ही नेमाने वाढवून घेत आलो. शेवटची वाढ २०२२ मध्ये झाली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, चार गियर, कार्ब्युरेटर आणि हाताने ओढायचा चोक एवढाच तिचा संसार. समोरच्या मीटरमध्ये वेग, पेट्रोल आणि इंजिनाचे तापमान दिसते. इंजिन मिनिटाला किती फेरे फिरते आहे, हे सांगणारी सुई, म्हणजे टॅकोमीटर, कंपनीने दिलेलीच नव्हती, कारण तिची गरज कोणाला भासत नव्हती. वडील गियर कानाने बदलत. मीही तसाच शिकलो होतो. कान गेल्यावर मात्र माझ्याकडे फक्त स्पीडोमीटर उरला, आणि चाक किती वेगाने फिरते यावरून इंजिनाचे हाल कळत नाहीत. दुसऱ्या गियरमध्ये ताशी ४० किलोमीटर आणि चौथ्या गियरमध्ये ताशी ४० किलोमीटर या इंजिनाच्या दृष्टीने अगदी वेगळ्या अवस्था आहेत.

म्हणून गेल्या हिवाळ्यात मी टॅकोमीटर बसवायचे ठरवले. कोपरीतल्या आमच्या मिस्त्रींना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “काका, या गाडीला कशाला मीटर? आवाजावरून कळतं की.” मी कानातले यंत्र काढून त्यांच्या हातावर ठेवले. त्यानंतर त्यांनी कोणता प्रश्न विचारला नाही आणि लागेल ती मदत करायचे कबूल केले.

जागेचा विचार मी बरेच दिवस केला. स्टिअरिंगच्या नळीवर पट्टा आवळून मीटर उभे करता येते, डॅशबोर्डच्या माथ्यावर वाटीसारख्या डब्यात ते चिकटवता येते किंवा डॅशबोर्डला गोल भोक पाडून आत बसवता येते. दिसायला तिसरा प्रकार सर्वांत नीटस असतो. पण तीस वर्षे ऊन खाल्लेल्या त्या प्लास्टिकला आता चिवटपणा राहिलेला नाही, आणि भोक पाडताना एकदा तडा गेला की तो परत सांधता येत नाही. शिवाय वडिलांच्या गाडीला, परत भरून येणार नाही असे काही करायचे नाही, हे मी आधीच ठरवले होते. अखेर रेडिओची जागा निवडली. आमचा कॅसेटवाला रेडिओ कित्येक वर्षांपूर्वी बंद पडून निघालेला होता आणि त्याच्या चौकोनावर नुसते झाकण होते. वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये दोन मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याची एक चौकट करून घेतली. तिची उजवी बाजू थोडी आत आणि डावी बाजू थोडी बाहेर राहील अशी घडी घातली, म्हणजे तबकडीचे तोंड चालकाकडे वळेल. मधोमध ५२ मिलिमीटरचे भोक पाडले, कडा कानशीने मारून गुळगुळीत केल्या आणि काळा मॅट रंग दिला. आयुष्यभर पत्र्याचेच काम केल्यामुळे या भागात मला अडचण आली नाही. अडचण पुढे होती, विजेत.

टॅकोमीटर फेरे मोजतो असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो ठिणग्या मोजतो. आमच्या गाडीत जुन्या पद्धतीचे पॉइंट, म्हणजे प्रवाह जोडणारे आणि तोडणारे संपर्क, आहेत. डिस्ट्रिब्युटरमधला (ठिणगी एकेका प्लगकडे पाठवणाऱ्या भागातला) कॅम फिरताना हे पॉइंट मिटतात तेव्हा इग्निशन कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यातून प्रवाह वाहतो आणि उघडतात तेव्हा तो एकदम तुटतो. तुटण्याच्या त्या क्षणी कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगला ठिणगी पडते. त्याच वेळी कॉइलच्या ऋण टोकावर, म्हणजे जी वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते त्या टोकावर, काहीशे व्होल्टचा एक टोकदार झटका उमटतो. टॅकोमीटरची संकेताची वायर याच टोकाला जोडायची असते. मीटर हे झटके मोजतो आणि त्यांच्या संख्येवरून सुई हलवतो.

मीटर मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाऊन घेतले. तिथे सुट्या भागांची एवढी दुकाने आहेत, की सकाळी गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत फिरत राहील. मला हवे तसे, साध्या पांढऱ्या तबकडीचे आणि ८,००० पर्यंत आकडे असलेले मीटर चौथ्या की पाचव्या दुकानात मिळाले. मीटरच्या मागे एक छोटी कळ होती आणि तिच्यावर ४, ६, ८ असे आकडे होते. मी दुकानदाराला म्हटले, की माझी गाडी तीन सिलिंडरची आहे, तर कळ कुठे ठेवायची? तो म्हणाला, “तीनचं वेगळं येत नाही. चारवर ठेवा, थोडासा फरक पडेल.” हा थोडासा फरक म्हणजे नेमका किती, हे मी तिथेच उभे राहून कागदावर मांडायला हवे होते. ते मी केले नाही, आणि पुढचे तीन आठवडे त्याची किंमत गाडीने मोजली.

बसवण्याचे काम एका रविवारी सकाळी पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या आवारात सुरू केले. सर्वांत आधी दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचे ऋण टोक सोडवले. गाडीच्या विजेत हात घालण्यापूर्वी हे केलेच पाहिजे, कारण गाडीचा सगळा पत्रा हीच परतीची वायर असते, आणि पाना किंवा उघडी तार चुकून पत्र्याला लागली तर जुन्या वायरिंगला आग लागायला वेळ लागत नाही. मीटरला चार वायर होत्या. लाल वायर वीजपुरवठ्याची, काळी अर्थची (म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडायची), हिरवी संकेताची आणि पांढरी तबकडीतल्या दिव्याची. लाल वायर मी फ्यूजपेटीतल्या अशा जागेवरून घेतली, जिथे चावी फिरवल्यावरच वीज येते, आणि तिच्यावर एक अँपिअरचा वेगळा फ्यूज घातला. काळ्या वायरसाठी डॅशबोर्डखालच्या लोखंडी पट्टीवरचा एक बोल्ट सोडवून खालचा रंग पॉलिश पेपरने खरवडला. रंगावर लावलेली अर्थ धड अर्थ नसते आणि मग सुई विनाकारण डुलत राहते. पांढरी वायर पार्किंगच्या दिव्यांच्या वायरला जोडली, म्हणजे रात्री दिवे लावले की तबकडीही उजळेल. सगळे जोड सोल्डर करून त्यांवर आकसणारी नळी चढवली. नुसते पिळून टेप गुंडाळलेले जोड ठाण्याच्या पावसाळ्यात किती दिवस टिकतात, हे या गाडीनेच मला पूर्वी दाखवले आहे.

हिरव्या वायरला सर्वांत जास्त वेळ लागला. ती बॉनेटखालून आत आणायची, तर इंजिन आणि चालक यांच्यामधला पत्रा ओलांडावा लागतो. या पत्र्यातून आधीच वायरींचा एक जुडगा रबरी बुचातून आत येतो. त्याच बुचाला बाजूने बारीक छेद देऊन मी हिरवी वायर आत ओढली. नवीन भोक पाडून वायर तशीच पत्र्यावरून घातली असती, तर कंपनांनी तिचे आवरण सहा महिन्यांत घासले गेले असते. आणि कॉइलच्या ऋण टोकाची वायर पत्र्याला टेकली, की पॉइंट उघडले तरी प्रवाह तुटत नाही, ठिणगी पडत नाही आणि इंजिन जागच्या जागी बंद पडते. माजिवड्याच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता असे होणे किती धोक्याचे आहे, हे ठाणेकराला सांगायला नको. याच भीतीपोटी कारखान्याच्या विद्युत विभागातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याने मला सुचवले, की हिरव्या वायरमध्ये अगदी कॉइलजवळ दहा किलोओहमचा एक रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला अडवणारा छोटा भाग, घालून ठेव. मीटरला संकेत ओळखायला तेवढा प्रवाह पुरतो, आणि पुढे कधी वायर घासून पत्र्याला लागलीच तर सुई शून्यावर पडेल, पण इंजिन चालू राहील. पाच रुपयांच्या आत येणाऱ्या त्या वस्तूने माझी मोठी काळजी मिटवली. पॉइंटवाल्या गाडीला मीटर बसवणाऱ्या प्रत्येकाने, आपल्या मीटरला तो चालतो याची खात्री करून, हा रेझिस्टर घालावा असे माझे स्पष्ट मत आहे.

दुपारी तीन वाजता बॅटरी जोडून चावी फिरवली. सुई शून्यावर येऊन थांबली. चोक ओढून इंजिन चालू केले, ते गरम होईपर्यंत थांबलो, चोक आत ढकलला आणि सुई हळूहळू खाली येत बरोबर ९०० वर स्थिरावली. ही गाडी उभी असताना ९०० च्या आसपास फिरली पाहिजे, असे मिस्त्री नेहमी सांगतात. मला इतका आनंद झाला, की मुलीला वरून हाक मारून खाली बोलावले आणि दोघांनी मिळून ती सुई पाहिली. दुकानदाराचा थोडासा फरक इतका थोडा निघाला, की दिसतही नाही, असा निष्कर्ष मी त्याच क्षणी काढला आणि मनातली शंका पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी एक किरकोळ दोष दिसला. अॅक्सिलरेटर जोरात दाबला की सुई एकदम ६,००० पर्यंत उडी मारून परत येत असे. बॉनेट उघडून पाहिले, तर मी हिरवी वायर प्लगच्या जाड वायरींच्या शेजारून नेऊन त्यांनाच पट्टीने बांधली होती. त्या वायरींतून हजारो व्होल्टचे झटके जातात आणि त्यांची सावली शेजारच्या वायरवर पडते. मग हिरवी वायर सोडवून पत्र्याच्या कडेने लांबून फिरवली आणि उड्या बंद झाल्या.

त्यानंतरचे तीन आठवडे मी सुईच्या भरवशावर गाडी चालवली. अडीच हजारांपर्यंत इंजिन नेऊन गियर बदलायचा, चढावर तीन हजारांपर्यंत जाऊ द्यायचे, असा नियम मी घालून घेतला होता. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या घाटात तिसऱ्या गियरमध्ये सुई तीन हजारांवर होती, तेव्हा मुलगी पुन्हा म्हणाली, “बाबा, अजूनही ओरडते आहे.” मी तिला म्हटले, “सुईकडे बघ. तीन हजार म्हणजे काहीच नाही.” ती गप्प बसली. त्या महिन्यात पेट्रोलही जास्त लागले. वडिलांनी सुरू केलेल्या वहीत मी अजून प्रत्येक वेळचे पेट्रोल लिहितो. लिटरला पंधरा किलोमीटर जाणारी गाडी साडेतेरावर आलेली त्या वहीत स्पष्ट दिसत होती. एकीकडे शाबूत कानांची एक मुलगी आणि वहीतला आकडा, दुसरीकडे नवी कोरी सुई, आणि मी सुईच्या बाजूने उभा होतो. ही गोष्ट मला आजही टोचते.

खात्री करण्याचा मार्ग मात्र सुचला, तो कारखान्यातल्या सवयीमुळे. मोजमापावर शंका आली, की तेच माप दुसऱ्या, स्वतंत्र रीतीने घ्यायचे. चौथ्या गियरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे किती फेरे होतात, हे विजेशिवाय मोजता येते. इंजिन बंद करून मी तिन्ही प्लग काढले, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दबणार नाही आणि गाडी ढकलताना इंजिन सहज फिरेल. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवर पांढऱ्या रंगाची खूण केली, पुढच्या चाकावर आणि जमिनीवर खडूची रेघ मारली आणि गाडी चौथ्या गियरमध्ये टाकली. पत्नी स्टिअरिंगवर बसली, वॉचमन आणि शेजारचा मुलगा मागून ढकलू लागले, मुलगी चाकाचे फेरे मोजू लागली आणि मी उघड्या बॉनेटच्या बाजूने वाकून पुलीचे. चाकाचे पाच फेरे पूर्ण झाले तेव्हा गाडी सात मीटर नव्वद सेंटिमीटर पुढे गेली होती आणि पुली साडेएकोणीस वेळा फिरली होती. तीन वेळा केले, तिन्ही वेळा तेच आले.

हिशेब सोपा आहे. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी १.५८ मीटर जाते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,००० मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे ६३३ फेरे. प्रत्येक फेऱ्यामागे इंजिनाचे ३.९ फेरे, म्हणून इंजिन मिनिटाला सुमारे २,४७० वेळा फिरले पाहिजे. पुढच्या रविवारी पहाटे रस्ते मोकळे असताना तीन हात नाक्याहून मुलुंडच्या दिशेने पूर्व द्रुतगती महामार्गावर गेलो. जुना स्पीडोमीटर चुकत असेल म्हणून वेग मोबाइलच्या जीपीएसवर मुलीने पाहिला. चौथ्या गियरमध्ये नेमके ६० असताना सुई १,८५० दाखवत होती.

घरी येऊन १,८५० ला २,४७० ने भागले. उत्तर ०.७५ आले. तीन चतुर्थांश. तीन भागिले चार.

मग सगळे उलगडले. चार फटक्यांच्या (फोर-स्ट्रोक) इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी लागते. चार सिलिंडरच्या गाडीत एका फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात, तीन सिलिंडरच्या गाडीत दीड. चारवर ठेवलेले मीटर दोन झटके आले की एक फेरा झाला असे धरते. माझ्या गाडीत मात्र दोन झटके येईपर्यंत इंजिनाचा सव्वा फेऱ्याहून थोडा जास्त, म्हणजे एक पूर्णांक एक तृतीयांश फेरा होतो. म्हणून सुई नेहमी पाऊण दाखवणार. गायमुखच्या घाटात मी तीन हजार समजत होतो तेव्हा इंजिन चार हजारांवर होते, आणि मुलीचे कान बरोबर होते. तिला मी त्याच संध्याकाळी तसे सांगितले.

पण मग उभ्या गाडीत ९०० कसे? पाऊण पटीच्या हिशेबाने ते १,२०० व्हायला हवेत. माझा सहकारी त्याच्याकडचा हातातला ऑप्टिकल टॅकोमीटर घेऊन आला. पुलीवर चमकणाऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवायचा आणि लांबून प्रकाशझोत धरायचा, की प्रत्येक फेऱ्याला परतणारा प्रकाश तो मोजतो. त्याला सिलिंडरांशी काही देणेघेणे नसते. फिरत्या पट्ट्याजवळ बाही किंवा हात जाऊ नये म्हणून आम्ही पुरेसे अंतर ठेवले. आकडा आला १,२०५. गाडी उभी असताना खरोखरच १,२०० वर फिरत होती, आणि तसे करणारा मीच होतो. गेल्या काही वर्षांत सिग्नलला इंजिन चालू आहे की बंद पडले, हे मला कळत नसे, म्हणून मी कार्ब्युरेटरचा आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन किती फिरावे हे ठरवणारा, स्क्रू जरा जरा आवळत गेलो होतो. चुकीचे मीटर आणि चुकीचे आयडलिंग एकमेकांना भेटले आणि त्यांनी मिळून मला अगदी अचूक दिसणारा आकडा दाखवला. तो आकडा ८०० किंवा १,००० आला असता, तर मी पहिल्याच दिवशी खोलात गेलो असतो.

दर वेळी मनात सुईच्या आकड्यात तिसरा हिस्सा मिळवायचा, हा एक उपाय होता. तबकडीवर नवे आकडे चिकटवणे हा दुसरा. मला दोन्ही पसंत नव्हते. गाडी चालवताना डोळ्याने सुईची दिशा पाहायची असते, गणित करायचे नसते. सहकाऱ्याने मीटर काढून टेबलावर घेतले आणि मागचे झाकण उघडले. आत एलएम २९१७ ही चिप होती. येणाऱ्या प्रत्येक झटक्यामागे ही चिप विजेचा एक ठरावीक घोट पुढे ढकलते. ते सगळे घोट एका रेझिस्टरमधून जातात आणि त्याच्या दोन टोकांमध्ये जो व्होल्टेज तयार होतो, त्यावर सुई चालते. रेझिस्टर मोठा असेल तर तेवढ्याच झटक्यांना जास्त व्होल्टेज मिळतो. कळीच्या तीन जागा म्हणजे तीन वेगळे रेझिस्टर होते. त्यांच्यावरचे रंगीत पट्टे भिंगातून वाचले, मल्टिमीटरने ताडून पाहिले आणि मी कागदावर लिहिले: चारला ७५ किलोओहम, सहाला ४९.९, आठला ३७.४.

तो कागद मी बराच वेळ पाहत होतो. चार गुणिले ७५ म्हणजे ३००. सहा गुणिले ४९.९ म्हणजे जवळजवळ ३००. आठ गुणिले ३७.४ म्हणजे पुन्हा जवळजवळ ३००. ज्याने हे मीटर आखले त्याने एकच नियम पाळला होता, आणि त्या नियमात तीन सिलिंडरची जागा रिकामी होती, एवढेच. तीन गुणिले किती म्हणजे ३००? शंभर. एक टक्का अचूकतेचा १०० किलोओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर बाजारात कुठेही मिळतो. लॅमिंग्टन रोडवरून दहा आणले, त्यांतला एक मल्टिमीटरवर तपासून निवडला, ७५ चा काढला आणि त्याच जागी नवा सोल्डर केला. माझे हात आता थोडे थरथरतात, म्हणून ते सोल्डरिंग सहकाऱ्याने केले. भिंग मी धरले.

मीटर परत जागेवर बसवून दोन्ही टॅकोमीटर समोरासमोर ठेवले. ऑप्टिकलवर १,२०० तेव्हा सुई १,२०० वर. तिथे २,००० तेव्हा सुई दोन हजारांच्या रेघेला किंचित ओलांडून. ३,००० ला रेघेवर. याहून जास्त अचूकता गाडी चालवणाऱ्याला लागत नाही. मग मिस्त्रींना बोलावून आयडलिंगचा स्क्रू मागे घेतला. इंजिन ९०० वर आले तेव्हा त्यांनी कान लावून ऐकले आणि मान डोलावली. सुईही ९०० वर होती.

तबकडीच्या काचेवर कडेला दोन बारीक खुणा केल्या आहेत. हिरवी २,५०० वर, रोजच्या रस्त्यावर गियर बदलण्यासाठी. लाल ५,००० वर, कारण या इंजिनाची जास्तीत जास्त शक्ती त्याच्या आसपास मिळते आणि त्यापुढे नेण्यात माझ्यासारख्याला काही मिळवायचे नाही. चावी चालू ठेवून, इंजिन बंद असताना, तबकडीचा दिवा वगैरे तपासत बसण्याची सवय मात्र मी सोडली आहे. पॉइंट मिटलेल्या स्थितीत इंजिन थांबलेले असेल, तर कॉइलमधून सतत प्रवाह वाहतो आणि ती तापून खराब होते. हे मिस्त्रींनी कॉइलला हात लावायला सांगून मला दाखवून दिले.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा घोडबंदरच्या बाजूला गेलो. गायमुखच्या चढाला तिसऱ्या गियरमध्ये सुई तीन हजारांजवळ आली आणि या वेळी ते खरे तीन हजार होते. मी मुलीकडे पाहिले. ती खिडकीतून खाडीकडे बघत होती आणि काही म्हणाली नाही. वहीत त्या महिन्याचे पेट्रोल लिटरला साडेपंधरा किलोमीटर लिहिले आहे.

अॅल्युमिनियमच्या चौकटीच्या मागच्या बाजूला मी एक कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवला आहे. उद्या गाडी मुलीकडे जाईल, किंवा एखादा मिस्त्री हे मीटर बदलायला उघडेल, तेव्हा त्याला तो दिसेल. त्यावर लिहिले आहे: “कळ चारवरच ठेवावी. आतला रेझिस्टर ७५ ऐवजी १०० किलोओहमचा केला आहे, कारण गाडी तीन सिलिंडरची आहे. हिरव्या वायरमध्ये कॉइलजवळ १० किलोओहम आहे, तो काढू नये.”